दीड मात्रा

किरपेकर सरांना त्या प्रयोगातून काय काय मिळणार होतं, ते त्यांनीच मला फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

"एक, स्वतंत्र केंद्र. दोन, इमारत. तीन, चाळीस माणसं." खडू चौथ्या आकड्यावर थांबला. पुढे त्यांनी नुसती रेघ ओढली. चौथं म्हणजे त्या केंद्राचं संचालकपद. पण स्वतःच्या हातानं ते लिहिणं बरं दिसलं नसतं.

"आणि माझं, सर?"

"तुमचं पाचवं, भांगे. कायम नेमणूक. पत्र टाइप होऊन खणात पडलंय. सहीच तेवढी राहिलीय."

त्यांनी खण उघडून पत्राची कड दाखवली आणि खण बंद केला. कुत्र्याला बिस्किटाचा पुडा दाखवून खिशात ठेवावा तसा.

मी बार्शीच्या अडत्याची मुलगी. कुणी गोड बोलायला लागलं की यातून त्याला काय सुटतं ते आधी बघायचं, हे आमच्या घरी पाढ्यांच्या आधी शिकवत. त्यामुळे सरांचा मला राग नव्हता. त्यांचा हिशेब उघड होता आणि त्यात माझी एक ओळ होती. नव्याण्णव साल होतं, मी सव्वीस वर्षांची होते, आणि दर अकरा महिन्यांनी माझं कंत्राट संपून पुन्हा सुरू होत होतं.

आमचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड जायचं. मी वडिलांना सांगितलं तेव्हा मात्र ते चटकन समजले. वर कार्यक्रम असतो, म्हणजे कुणाचं गाणं, कुणाचं व्याख्यान. खाली तारा असतात, त्या कधी रिकाम्या तर कधी तुंबलेल्या. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. मध्ये आमचा थर. वरचा सांगतो, मला एवढं चित्र नि एवढा आवाज हवा. थर खालच्याशी घासाघीस करतो, आलेला माल थोडा साठवून ठेवतो, मधल्या खाचा बुजवतो, चित्र आणि आवाज यांची जोडी जमवतो आणि वर पाठवतो.

"म्हणजे अडतच की," वडील म्हणाले.

"हो. फक्त आमच्या अडत्याला कुणी बघत नाही."

हे शेवटचं सरांचं ब्रीद होतं. प्रत्येक व्याख्यानात ते टेबलावर बोट आपटून सांगत, "वरच्याला कळता कामा नये! खाली काय झालं ते वरच्याला कळलं, तर आपला थर कसला?"

तर दिल्लीच्या समितीपुढे थर दाखवायचा होता. दोन गावं, एक मैफल. पुण्याच्या सभागृहात पद्मजाताई उभयकर गाणार, आणि तबला वाजणार सांगलीत, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. सांगलीची बाजू माझ्याकडे. तबलजी मिरजेचे यासीनमास्तर, वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. तरुणपणी मोठमोठ्या गवयांच्या मागे बसलेले, पुढे संसारानं शाळेत बसवलेले. अकरा वर्षं मंचावर गेले नव्हते.

त्यांचा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितला, तबल्याच्या गाद्या झटकता झटकता.

"बेटा, ताईंच्या यंदा थंडीत तीन बैठका आहेत. नागपूर, इंदूर, हुबळी. त्यांचा तबलजी गेला अमेरिकेला. त्या म्हणाल्या, मास्तर, या तारेवरच्या कामात तुमचा हात ऐकते, मग ठरवू."

"म्हणजे परीक्षाच की तुमची."

"परीक्षा मी पोरांची घेत होतो छत्तीस वर्षं. आता माझी कुणी घेतली तर बिघडलं काय?" हसले. पुढचा एक दात नव्हता. "तीनच बैठका. पण लोकांनी म्हणायला पाहिजे ना, यासीन अजून आहे."

पहिल्या तालमीची पुरती दैना झाली. ताई पुण्यात मध्यलयीत तीनताल गायला बसल्या, मास्तरांनी इकडे कानाला यंत्र लावून ठेका धरला, आणि दोन आवर्तनांत गाणं बैलगाडीसारखं रखडायला लागलं. ताई मास्तरांसाठी थांबत, मास्तर ताईंसाठी. दोघंही अदबीचे, "आधी आपण, आधी आपण" करत दारातच उभे.

"मास्तर, मागे ओढताय तुम्ही!" पडद्यावरून ताई म्हणाल्या.

"मी? ताई, तुम्हीच लय पाडताय."

मास्तरांनी कानाचं यंत्र काढलं, डग्ग्यावर ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "बेटा, खरं सांग. त्यांचा आवाज मला ताजा मिळतोय का शिळा?"

मी गडबडले. तीन वर्षं त्या थरावर काम करत होते, पण हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता. "थोडा शिळा. थर जरासा थांबवून देतो, धक्के बसू नयेत म्हणून."

"आणि माझा त्यांना?"

"तोही तेवढाच."

"जाऊन येऊन किती?"

"तीनशे मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या भागापेक्षा थोडं कमी."

त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या, मग अंगठा पहिल्या पेरावर दाबून धरला. "अर्धी मात्रा," म्हणाले. "मग असं सांग ना. मिलि की काय ते कशाला सांगतीस?"

पुढचे चार दिवस मी जे पाहिलं ते नंतर कुठल्याही परिषदेत पाहिलं नाही. तो माणूस जे ऐकू येत होतं त्याच्या अर्धी मात्रा पुढे वाजवायला शिकला. कानात ताई समेच्या अलीकडे असायच्या आणि मास्तरांचा 'धा' पडून गेलेला असायचा. त्यांच्या खोलीत ते ऐकायला भयानक वाटे. गायन एकीकडे, तबला दुसरीकडे. पण पुण्यात मात्र तो 'धा' बरोब्बर समेवर उतरत होता. आपला तबला तिकडे कसा लागतोय, हे त्यांना स्वतःला कधीच ऐकू येणार नव्हतं. आंधळ्यानं दुसऱ्याच्या कपाळाला टिकली लावावी तसलं काम.

"जमतं कसं हो?" मी विचारलं.

"कानाचं ऐकायचं नाही. कान चहाडखोर. आतली मात्रा धरायची." मग घाम पुसत म्हणाले, "पण बेटा, एक. ही अर्धी मात्रा हलता उपयोगी नाही. ती हलली की मी मेलो. मला कळणारच नाही मी कुठं पडतोय ते."

"नाही हलणार."

चौथ्या दिवशी ताई पडद्यावर हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, शेजारी बसल्यासारखं वाटलं. नागपूरचं तिकीट काढते तुमचं." मास्तरांनी तबल्याला हात लावून तो कपाळाला नेला.

सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ताळमेळ थर जमवत नाही, मास्तर जमवतात, हेही सांगितलं. 

"हे कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. अहवालात मी लिहिलंय, थरामुळे दोन्ही ठिकाणचा ताल जुळला. जुळलाय ना? मग झालं. कसा जुळला ते वरच्याला कशाला?"

प्रयोगाचा दिवस शुक्रवार. सकाळी अकराची वेळ. सांगलीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. मास्तरांनी पांढरीशुभ्र शेरवानी घातली होती, लग्नातली असावी, खांद्याला उसवून पुन्हा शिवलेली. माझ्यासमोर तीन पडदे, टेबलावर फोन. पुण्याच्या सभागृहातलं सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत समिती, मध्ये दिल्लीचे अध्यक्ष. ताई मंचावर तंबोऱ्यामागे. आणि मंचाच्या मागच्या भिंतीवर, दहा फूट उंच, आमचे यासीनमास्तर.

अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

"भांगे, चित्र उडतंय." सरांचा आवाज दबका, दातांमधून येणारा. "मास्तर नमस्कार करताहेत तर हात तुटक तुटक दिसताहेत. अध्यक्ष विचारताहेत, हे असंच असतं का. थांबवायचा वेळ वाढवा. साडेचारशे करा."

"एका बाजूला साडेचारशे? सर, जाऊन येऊन नऊशे होतील. मास्तरांनी तीनशेचा सराव केलाय."

"थर आहे ना सांभाळायला?"

"थर नाही सांभाळत, सर, तुम्हाला माहितीय. निदान फक्त चित्राचा वाढवते. आवाजाचा राहू द्या."

"म्हणजे हात आत्ता नि आवाज मग? चित्र-आवाजाची जोडी हेच तर दाखवायचंय आपल्याला! दोन्ही वाढवा. दोन मिनिटं आहेत."

"मग मास्तरांना सांगते. थोडा वेळ द्या त्यांना."

"अजिबात नको. म्हातारा घाबरेल, तालीम मागेल, आणि अध्यक्षांना सव्वाबाराचं विमान आहे." मग त्यांनी आवाज मऊ केला. त्या मऊपणाची मला आजही शिसारी येते. "नीलिमा, इतकी वर्षं केलंत. आता खणातल्या त्या पत्राचा तरी विचार करा."

मी आकडा बदलला. एक अंक पुसला, एक टाकला. एक कळ दाबली.

पडद्यावरचे मास्तर लोण्यासारखे हलायला लागले. पुण्यात सरांनी अध्यक्षांकडे वळून हात पसरले. अध्यक्षांनी मान डोलावली.

मास्तरांनी हाताला पावडर लावली, फुंकर मारली आणि माझ्याकडे पाहिलं. "सगळं तसंच ना, बेटा? अर्धी मात्रा?"

"हो, मास्तर," मी म्हणाले.

ताईंनी बंदिश सुरू केली. मास्तरांनी अर्धी मात्रा आधी ठेका टाकला, आतली मात्रा घट्ट धरून, कानावर अविश्वास ठेवून, चार दिवस शिकलेलं सगळं जिवापाड पाळून. पुण्याच्या सभागृहात ताई समेवर आल्या, आणि समेवर काहीच नव्हतं. एक मात्रा गेली. मग भिंतीवरच्या त्या दहा फुटी माणसानं, लखलखीत स्पष्ट, बोटाच्या नखासकट, 'धा' वाजवला.

ताईंनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. पुढच्या आवर्तनात त्या थांबून त्याची वाट बघायला लागल्या. मास्तरांच्या कानात त्यांचा आवाज अडखळताना आला, तसे तेही चाचपडायला लागले. थोडं पुढे, थोडं मागे. तिसऱ्या आवर्तनात समितीतल्या एकानं हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला. चौथ्यात ताईंनी हात वर केला आणि गाणं थांबवलं. मास्तर मात्र वाजवतच होते. पलीकडचं थांबणं त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं.

सर ध्वनिक्षेपकापाशी आले. हसत होते. "क्षमा असावी. आपले मास्तर बरेच जुने आहेत, त्यांची लय जरा रिटायर झालीय. पण मंडळी, चित्र बघा! बोट नि आवाज, तसूभर फरक नाही."

सभागृह हसलं. ते वाक्य आणि ते हसणं मास्तरांच्या कानात अर्ध्या सेकंदानं पोचलं. आमच्या थरानं त्यातला एक शब्दही गाळला नाही.

मास्तरांनी कानाचं यंत्र काढलं. तबल्यावर कापड घातलं, त्याच्या चारही कडा नीट केल्या. मग खाली बसूनच विचारलं, "किती होती?"

मला उत्तर टाळता आलं नाही. "दीड मात्रा."

"कधीपासून?"

"सुरुवातीच्या आधीपासून."

मी वाट बघत होते की ओरडतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, जवळजवळ उजळला. "म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही, मास्तर."

"मी अर्धीच ठेवली होती. अर्धीच होती ना माझी?"

"तंतोतंत."

"बास की मग!" त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "तुझ्या यंत्रात हे लिहिलेलं असतंय ना? आकडा कधी बदलला, किती केला?"

"असतं. प्रत्येक बदलाची वेळ नोंदली जाते."

"मग तेवढं त्यांना सांग. ताईंना सांग. माझं म्हणून नको, यंत्राचं म्हणून सांग. मी कुणावर आळ घेत नाही, तुझ्यावर तर नाहीच. नोकरी असती माणसाला. पण तेवढं सांग, काय?"

"सांगते," मी म्हणाले. आणि त्या क्षणी मी खरंच सांगणार होते.

सोमवारी पुण्यात सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते अहवाल पुरा करत होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर नागपुरी संत्री. सोलता सोलता मला मजकूर सांगायला लागले.

"लिहा. ध्वनी आणि चित्र यांचा मेळ प्रयोगभर निर्दोष राहिला." एक फोड तोंडात. "प्रेक्षकांनी चित्राच्या सलगपणाचं विशेष कौतुक केलं." बी कागदावर थुंकली. "तालात दिसलेला फरक हा वादकाच्या वयोमानामुळे आणि नव्या तंत्राची सवय नसल्यामुळे उद्भवला. थराशी त्याचा संबंध नाही."

"सर, नोंद आहे. दहा सत्तावन्नची. दीडशेचे साडेचारशे केले, माझ्या नावानं."

"तुमच्याच नावानं ना?" त्यांनी प्रेमानं विचारलं. "मग ती दाखवून कुणाचा फायदा?"

"मास्तरांची तीन मैफलींची बोलणी होती."

"कोण मास्तर? हां." दुसरी बी. "अहो, चौसष्ट वर्षांचा माणूस. आज ना उद्या चुकणारच होता. आपण काय त्याचं घर लुटलं? उलट अध्यक्ष म्हणाले, एवढा गोंधळ होऊनही चित्र काय देखणं होतं. गोंधळामुळे चित्र उठून दिसलं, भांगे! बरं झालं एका अर्थी."

त्यांनी खण उघडला. पत्र काढून त्यावर सही केली, तीच बोटं, तोच रस. कागदाच्या कोपऱ्यावर पिवळट डाग उमटला. मग ते पत्र आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवले, आणि अहवालाखालच्या, 'सांगली केंद्र प्रमुख' लिहिलेल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे तुमची."

मी सही केली.

"शाब्बास. घ्या," म्हणून त्यांनी संत्र्याची एक फोड पुढे केली. आणि मी ती खाल्ली. गोड होती. ती गोड होती याचीच मला पुढे कितीतरी वर्षं किळस येत राहिली.

बुधवारी मास्तरांचा फोन आला, मिरजेच्या टेलिफोन बूथवरून. मागे रिक्षांचा आवाज येत होता.

"बेटा, घाईत आहेस का? एवढंच विचारायचं होतं, त्या कागदात आलं का?"

कागद माझ्यासमोर होता, माझ्या सहीचा. "अजून तयार नाही झाला, मास्तर."

"बरं बरं. मोठ्या लोकांची कामं, वेळ लागणारच. ताईंना फोन केला होता मी. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, नागपूरला दुसरं कुणी ठरलंय." "कागद आला की ताईंना एक प्रत धाडशील ना? बैठकीसाठी नव्हे. ते झालं गेलं. पण त्यांना वाटायला नको की यासीनची सम गेली."

"धाडते."

"जीती रह."

त्यानंतर त्यांनी दोनदा फोन केला. मी जागेवर नाही असं सांगायला मी लावलं. तिसऱ्यांदा आला नाही.

सात वर्षांनी कोल्हापूरच्या एका लग्नात मिरजेचे एक सतारवाले शेजारी जेवायला बसले. मी विचारलं. "यासीनमास्तर? गेले की दोन वर्षांपूर्वी," ते भात कालवत म्हणाले. "त्या पुण्याच्या कॉम्प्युटरच्या कार्यक्रमानंतर बसलेच नाहीत कुठं. आमच्या गावात चेष्टाच झाली ना, मास्तरची सम मात्राभर घसरली म्हणून. शिकवण्यासुद्धा सुटल्या. आईबाप म्हणायचे, ज्याची स्वतःची लय गेली तो पोरांना काय शिकवणार?"

"ते काही सांगायचे का? कसं झालं ते?"

"छे. विचारलं की एवढंच म्हणायचे, कागद यायचाय पुण्याहून, मग बोलू."

मी ताटावरून उठले आणि मांडवामागे जाऊन ओकले. लोकांना वाटलं, बासुंदी बाधली.

तर हिशेब असा झाला. किरपेकर सरांना केंद्र मिळालं, इमारत मिळाली, चाळीसांच्या जागी साठ माणसं मिळाली. त्यांना काहीही मोजावं लागलं नाही. उभयकरताईंना महिन्याभरात नवा तबलजी मिळाला आणि त्यांचा हिवाळा छान गेला. अध्यक्षांचं विमान चुकलं नाही. मी कायम झाले, पुढे बढती घेतली, आज त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसते. रात्री झोप लागत नाही असं सांगून मी बरीच वर्षं स्वतःला भरपाईत धरत होते. पण ते खोटं आहे. झोप लागते, आणि माझ्या न झोपण्यातून मास्तरांना तसंही काही पोचलं नसतं. सगळ्यांचं मिळून जे काही द्यायचं होतं ते यासीनमास्तरांनी एकट्यानं भरलं, आणि कशाबद्दल भरतोय ते त्या माणसाला त्या शुक्रवारपासून ठाऊक होतं.